पाणपोई आणि पाणीपट्टी

१४ जानेवारी १९९९, संक्रांत

सकाळी गावभर तिळगूळ वाटला अन् संध्याकाळी शेठजींशी कडाकडा भांडले. गोड बोलायच्या दिवशी! पण कुरापत त्यांनीच काढली.

नवी वही आहे, तर नीट पहिल्यापासून लिहिते. चौतीस वर्षं शाळेत टाचण काढलं, तो हात काही स्वस्थ बसत नाही. मी द्वारकाबाई. वाटूरच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले अन् घरात जरा पाय पसरावेत म्हटलं, तर सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. गावाने मला धरून बसवलं. बाई कुणाचं खाणार नाही, एवढी सगळ्यांना खात्री. कुणाला खाऊ देणार नाही, हे त्यांना नंतर कळलं.

शेठजी म्हणजे सुरजमल शेठ. आडतीचं दुकान, तीन पिढ्या इथे. मारवाडी म्हणायचे तेवढे, बोलतात माझ्यापेक्षा अस्सल. रोज चारला येतात, ओट्यावरच्या बाकड्यावर बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. घरात कधी पाय ठेवला नाही, मीही कधी या म्हटलं नाही. सगळा गाव येता-जाता बघतो, तेच बरं. जैन माणूस, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. त्यामुळे आमचा चहा अन् आमचं भांडण, दोन्ही उजेडातच उरकावं लागतं. हे वारले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, असंच चाललंय.

आजचा विषय पाणीपट्टी. नाल्यापलीकडच्या वस्तीला नळ न्यायचा आहे. पाईप दोन वर्षांपासून नाल्याच्या काठाला येऊन पडलेत, त्यांत आता सरडे राहतात. तालुक्याचे साहेब म्हणतात, मार्चअखेर पट्टीची वसुली दाखवा, मगच पुढची मंजुरी. अन् वसुली होत नाही, कारण ज्याच्या दारात जावं तो म्हणतो, "आधी शेठजीची आणा, मंग आमच्याकडं या."

"मी तुमच्या नळाचं पाणी घेतो का?" शेठजींनी विचारलं. "माझी घरची हीर हाय. मंग पट्टी कशाची?"

"गावाची."

"गावासाठी मागा ना! पदर पसरून दारात या, बोला, शेठ, वस्तीच्या पाण्याला कमी पडून राह्यलंय. उद्या सकाळी सगळी रक्कम देतो, गावाच्या वाटची बी. पण कायद्याचा सोटा घेऊन आलात तर एक पैसा न्हाई. जबरदस्तीनं घेतलं ते चोरीच. मंग चोर घेवो का सरकार."

"म्हणजे मी चोर?"

"तुम्ही न्हाई. तुमची खुर्ची."

"मग सरकारनं करावं तरी काय?"

"चोर धरावा, भांडण तोडावं अन् आपल्या घरी जावं. बाकी सगळं माणसं आपल्या मर्जीनं करतात. फाट्यावरची पाणपोई माझ्या आज्यानं घातली, त्याला कोणी नोटीस दिल्ती? शाळेची खोली मी बांधली, ठराव झाल्ता?"

"बांधली. रस्त्याच्या अंगाला, आईचं नाव लावून. मी तेव्हा हात जोडून सांगत होते, खोली नको, पोरींसाठी मुतारी बांधा. बांधली?"

शेठजी टोपी फिरवत बसले.

"मुतारीवर आईचं नाव कोण लावील?" मी म्हटलं. "दान दिसेल तिथं जातं शेठजी. लागतं तिथं जात नाही."

"तुमच्या सरकारनं तरी बांधली का?"

नाही बांधली. मी निवृत्त झाले तरी फाईल तालुक्यालाच. तिळगुळाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला अन् म्हटलं, निघा, दिवस मावळला. जाताना म्हणतात, "उद्या येतो, अजून एक मुद्दा ऱ्हायला." भांडी घासताना मला उगाच हसू येत होतं.

१९ जानेवारी

बहात्तरच्या दुष्काळावर गाडी आली. यायचीच होती. "माझ्या बापानं पेव उघडलं, गावाला जवारी वाटली. तुमच्या सरकारनं काय दिलं? सुकडी!"

मी म्हटलं, पेव उघडलं हे खरं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण त्या रांगेतली माणसं वहाणा हातात घेऊन उभी होती. सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्यांच्या वहाणा पायात होत्या. त्यांनी घाम गाळून मजुरी घेतली, कुणाच्या पायरीवर उभं राहून नाही.

शेठजींनी कप खाली ठेवला. चहा निवला. मग हळूच म्हणाले, "माझ्या बापानं कोणाला वहाणा काढा म्हन्लं नव्हतं बाई."

"म्हणावं लागत नाही," मी म्हटलं. जरा जास्तच बोलले की काय, असं रात्रीपर्यंत वाटत राहिलं.

२० जानेवारी

आले. चारला पाच मिनिटं कमीच होती. उत्तर तयार करून आणलं होतं. मी पाऊण तास आधीच चहाचं आधण चढवून ठेवलं होतं, ते आटून गेलं. काम नसलं म्हणजे माणूस असं करतं.

२ फेब्रुवारी

आज गोजरबाईला शेठजींचं म्हणणं सांगितलं. गोजरबाई आमची पंचायतीची मेंबर, नाल्यापलीकडच्या वस्तीतलीच. तोंडाची फटकळ, पण पट्टी भरणारी पहिली तीच. मी म्हटलं, शेठ सगळी रक्कम दान द्यायला तयार आहेत. मी नको म्हणते. दान घेतलं की नळावर त्यांचं नाव अन् गाव जन्मभर मिंधं. पट्टी भरली की ते आपल्यातलेच एक. तुला काय वाटतं?

ती हंडा कमरेवर घेऊन उभी होती. "मला असं वाटतं बाई, तुमी दोघं ओट्यावर चहा पिऊन राह्यलात अन् माझा हंडा कोरडा हाय. दान म्हना, पट्टी म्हना. वैशाखाच्या आत पानी आना म्हंजे झालं."

मला राग आला. खरं बोललं की येतोच.

११ फेब्रुवारी

यांच्या श्राद्धाचा दिवस. हे गेले त्या आठवड्यात शेठजींनी जवारीचं पोतं पाठवलं होतं. मी कडूबा शिपायाच्या डोक्यावर परत धाडलं. दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः दारात. "बाई, पोतं का परत केलं? नासकं होतं का?" मी म्हटलं, मला पगार आहे, मला दान नको. ते म्हणाले, "पगार सरकारचा. सरकारचं चालतं, शेजाऱ्याचं चालत न्हाई?" मी डोळे पुसले अन् म्हटलं, बसा, समजावून सांगते.

अजून समजावतेच आहे. त्या वेळी कुणीतरी माझ्याशी भांडलं, तेवढ्याने मी उभी राहिले. बाकी सगळा गाव नुसता हळहळत होता. शेठजींच्या घरच्या, चंदनबाई, तेव्हा होत्या. शेठजींना म्हणायच्या, "जा, बाईचं डोकं खाऊन या, तेवढीच माझी सुटका." सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

६ मार्च

वसुली निम्म्यावरच अडली. अप्पाराव ग्रामसेवक म्हणतात, थकबाकीदारांची नावं बाजारच्या दिवशी भोंग्यावरून वाचू, लाजेनं तरी भरतील. मला पटलं. लपवायचं काय त्यात? शाळेत रोज नावं वाचली मी. ज्याचं त्याने हजर म्हणावं.

अप्पारावांनी कानाशी येऊन विचारलं, "बाई, शेठजींचं नाव... वगळायचं का?"

"हजेरीतून नाव वगळतात का, अप्पाराव?"

शेठजींना आजच सांगावं असं मनात होतं. ते आले, चहा घेतला, नातवाच्या मुंजीसारखं कौतुक करून पाणपोईचे नवे पेले दाखवले. पाडव्याला पाणपोई सुरू व्हायची असते. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी सांगितलं नाही. वाटलं, समजूनच घेतील.

९ मार्च

आज वाचली नावं. कडूबाचा आवाज खणखणीत, शिपाई असून सभा गाजवील असा. भोंगा चावडीवर. मी मिरच्या घेत होते. आधी चार-दोन नावांना लोक हसले, एकमेकांना कोपराने ढोसलं. मग कडूबाने वाचलं, "सुरजमल छोगालाल, आडत दुकान."

कुणी हसलं नाही. मिरचीवालीचा हात तागडीवर तसाच राहिला. मी दुकानाकडे पाहिलं. शेठजी दारात उभे होते, हातात धान्याचा नमुना. तो त्यांनी सावकाश पोत्यात परत टाकला. मग आत गेले अन् भर बाजारात दुकानाची दारं लावून घेतली. दोन्ही फळ्या. कडी घातल्याचा आवाज मला इथपर्यंत आला असं वाटलं.

चारला आले नाहीत. बाजारचा दिवस, दमले असतील.

१० मार्च

आले नाहीत.

१२ मार्च

लोक पट्टी भरायला रांग लावून आहेत. शेठजीचं नाव वाचलं गेलं म्हणजे आता कुणाचीच गय नाही, असं सगळ्या गावाने धरलंय. अप्पाराव पावत्या फाडून घामाघूम. मी म्हटलं, बघा, सगळ्यांना एक न्याय असला की कसं होतं. अप्पाराव नुसते हं म्हणाले.

चहाला दूध जास्त उरतं. मांजरीला घालते.

१४ मार्च

कडूबा सांगत आला. "बाई, शेठजीनं पट्टी भरली. मागची सगळी अन् पुढच्या सालाची बी. एक शब्द बोलले न्हाईत. पावती घडी करून खिशात घातली."

मला आनंद व्हायला हवा होता. मी तशीच उठून दुकानात गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या पायरीवर. पोती हलवायचं चाललं होतं. त्यांचा मुलगा गिरधारीलाल जालन्याहून टेम्पो घेऊन आला होता.

"शेठजी, हे काय?"

"गिरधारी कधीचा बोलावून राह्यलाय. म्हन्लं जावं आता."

"नावामुळे?"

त्यांनी गादीवरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "बाई, यापाऱ्याचं नाव बाजारात एकदाच पुकारतात. त्याचं दिवाळं निघाल्यावर. माझ्या आज्यानं निजामाच्या करोडगिरीला, जकातीच्या नाक्यावर, गाड्या खोलून दाखवल्या, शिव्या खाल्ल्या, पण बाजारात त्याचं नाव कोणी घेतलं न्हाई. अन् तुम्ही माझ्या बापाचं नाव बी वाचलं."

"मी हजेरी घेतली, शेठजी. सगळ्यांची घेतली."

"बराबर. तुमच्या शाळेत ती हजेरी. ह्या बाजारात न्हाई."

"मग मला येऊन भांडायचं होतं! रोज येता ना भांडायला!"

"भांडण बाकड्यावर असतं, बाई. भोंग्यावर न्हाई."

त्यांनी पट्टी भरली ती माझं पटलं म्हणून नव्हे. गाव सोडताना व्यापारी सगळ्यांची देणी मिटवतो, तशी भरली. इतके दिवस ती पट्टी राहिली होती, तर आमच्यात बोलायला काहीतरी होतं. आता काहीच राहिलं नाही. मी जिंकले. घरी येऊन दार लावून बसले.

१६ मार्च

गेले. टेम्पोत सामान, स्वतः मात्र एसटीने. मी फाट्यावर गेले नाही. सरपंचाने कुणाकुणाला पोचवायला जायचं?

ओट्यावरून बस दिसते. मागची खिडकी दिसते. त्यात पांढरी टोपी होती, का मला दिसली, कोण जाणे.

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली. मग काही काम नसताना फाट्यावर गेले. पाणपोईचे दोन्ही रांजण पालथे. त्यांचे आजोबा असल्यापासून पाडव्याला ते रांजण भरले नाहीत, असं एकही साल गेलं नव्हतं. रझाकाराच्या साली अर्धं गाव रानात पळालं होतं, तरी भरले होते म्हणे.

परतूरकडून आलेली एक म्हातारी रांजणाला हात लावून मला म्हणाली, "काय गं बाई, यंदा शेठ मेला का काय?" मी तिच्यावर खेकसले. बिचारी घाबरून सावलीला जाऊन बसली. नंतर तिला घरून तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

३१ मार्च

वसुली पूर्ण. तालुक्याच्या साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. सभेत टाळ्या झाल्या. घरी आल्यावर हे सगळं कुणाला सांगावं तेच कळेना. म्हणजे कळत होतं. त्यांनी काय म्हटलं असतं तेही कळत होतं. "लाजेनं घेतलेली पट्टी, बाई. हिला तुम्ही गावाची मर्जी म्हन्ता?" अन् मी म्हटलं असतं, "तुमच्या दानात लाज नसते का? फक्त ती घेणाऱ्याची असते." मग ते टोपी फिरवत बसले असते.

दोन्हीकडून मीच बोलते आहे. बाकड्याकडे बघून हातवारेही केले असणार, कारण समोरची सोनूबाई टक लावून बघत होती.

१२ एप्रिल

वस्तीत नळ आला! गोजरबाईने तोटी फिरवली. आधी नुसती फुसफुस, मग गढूळ, त्यातून एक सरड्याचं पिल्लू, अन् मग धो धो पाणी. पोरं नागडी होऊन खाली शिरली. बायकांनी गोजरबाईला भिजवलं, गोजरबाईने मला. सरपंचाची अब्रूच गेली, पण काय सांगू, असं हसले की बरगड्या दुखल्या.

लाईन फाट्यावरून आली, म्हणून पाणपोईशेजारी प्रवाशांसाठीही एक नळ काढून दिलाय.

भिजलेला पदर पिळत पायरीवर बसलो. गोजरबाई म्हणाली, "शेठच्या आज्याच्या टायमाला आमच्या मानसाला पाणपोईवर लांब बसवायचे. नळीच्या झारीनं वरून वतायचे, आमी वंजळ धरायची. माझी आई सांगायची."

"सुरजमल शेठनी बंद केलं ना ते?"

"केलं की. त्यांच्या बापाशी भांडून केलं. सगळ्यांला एकच पेले. चांगला मानूस हाय, कोन न्हाई म्हन्तंय? पर त्यो चांगला निघाला म्हनून बंद झालं. वाईट निघाला असता तर मी काय करनार व्हते? नळाला चांगलं बी असावं लागत न्हाई अन् वाईट बी. तोटी फिरवली की येतो."

हेच मी अकरा वर्षं सांगायचा प्रयत्न करत होते. आणि ते बापाशी भांडले होते, हे मला त्यांनी एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहाणांचं बोलले नसते मी.

मग गोजरबाईने माझ्याकडे वाकून बघितलं. "बाई, शेठ गेल्यापासून तुमचा आवाज बसलाय. भांडायला कोनी ऱ्हायलं न्हाई का?"

"चल, गप बस," म्हटलं. शेठजींची आठवण येते. खूप येते. बास, लिहून टाकलं, आता मोकळं.

१८ एप्रिल, अक्षय्य तृतीया

मोकळं काही झालं नाही.

आज पहाटे उठून फाट्यावर गेले. रांजण उलटे केले, खसखसून घासले, नळाचं पाणी भरलं. पट्टीच्या नळाचं पाणी, धर्माच्या रांजणात! शेठजी असते तर मला फाट्यावरच बसवून तासभर ऐकवलं असतं. रांजणांच्या तोंडाला फडकं बांधलं, दुहेरी, त्यांच्यात पाणी गाळायला लावतात तसं. नवं कापड घरात नव्हतं. माझं जुनं सुती पातळ होतं, बारीक हिरव्या काठाचं, ते फाडलं.

अप्पारावांनी विचारलं, शेजारी नळ असताना रांजण कशाला? मी सांगितलं, दुपारी नळाला हात लावून बघा. लोखंडी पाईप, वरून ऊन, पाणी नुसतं कढत. रांजणातलं गार राहतं. झालं समाधान? पंचायतीचा पैसा लागत नाही, माझे हात लागतात.

रोज दोनदा भरावे लागतात. योगायोगाने जालन्याच्या गाड्यांच्याच वेळा सोयीच्या पडतात.

३ मे

जिल्हा परिषदेत बैठक होती, जालन्याला गेले. बैठक लवकर संपली. पाय आपोआप गिरधारीलालच्या गल्लीकडे वळले. मोठं घर, लोखंडी फाटक. फाटकाच्या आत खुर्चीत शेठजी बसले होते. पुढ्यात पेपर, पण वाचत नव्हते. टोपी गुडघ्यावर. चार वाजले होते.

घरातून कुणी बाहेर आलं नाही, कुणी बोललं नाही. ते खुर्चीवरून रस्त्याकडे बघत होते अन् मी विजेच्या खांबामागे उभी. साठीला आलेली बाई, हातात पिशवी, खांबामागे! हाक मारायला तोंड उघडलं. काय म्हणून मारणार? शेठजी, माझं चुकलं? ते तर चुकलंच, पण पट्टी काही चुकली नव्हती. दोन्ही एका वाक्यात सांगता येईना. पुढची बस धरून परत आले. वाटूर येईपर्यंत वाक्य जुळवत होते.

१५ मे

एसटीडी बूथवरून नंबर लावला. गिरधारीलालने उचलला. "हॅलो, कोण?" मी ठेवून दिला. बूथवाला पोरगा म्हणाला, बाई, लागला होता की. मी म्हटलं, राँग नंबर.

२४ मे, सोमवार

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

दुपारी फाट्यावर रांजण भरून झाला होता. कळशी हातातच. तीनची जालना गाडी थांबली अन् शेठजी उतरले. वाळलेत. धोतर तेवढंच पांढरं. मला बघून थबकले, मग म्हणाले, "दुकान भाड्यानं दिलंय, किल्ली द्यायला आल्तो. चारच्या गाडीनं परत."

"बरं," मी म्हटलं. बसमध्ये जुळवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

ते सरळ नळाकडे गेले. उपरण्याचं टोक दुमडून तोटीखाली धरलं, गाळून ओंजळीत घेतलं, एक घोट तोंडात घेतला अन् थुंकून टाकला. "चहाच हाय की हा! हीच का तुमची पट्टी?"

"पाणी गरम आहे. सगळ्यांना सारखंच गरम आहे."

तेव्हा त्यांचं लक्ष रांजणांकडे गेलं. पालथे असतील असं धरून आले असावेत. जवळ गेले, हात लावला. मग तोंडावरच्या फडक्याकडे जरा वेळ बघत राहिले. काठावरून एक बोट फिरवलं. माझ्या पातळाचं फडकं आहे, हे त्यांना कुठून कळणार!

"हे कोणी भरलं?"

खरं सांगणार होते. देवाशप्पथ, तोंडापर्यंत आलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, चांगलं केलं बाई. किल्ली दिली असती, चारच्या गाडीत बसले असते, अन् संपलं.

"पंचायतीनं," मी म्हटलं.

"पंचायतीनं?"

"मग! रीतसर ठराव केला. पट्टीच्या पैशातून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा फडक्याकडे बघितलं. मिशीखाली काहीतरी हललं. मग एकदम आवाज चढवला, "माझ्या आज्याची पाणपोई! धर्माचं काम, अन् ठरावानं? म्हंजे आता लोकांच्या खिशात हात घालून पुण्य करून राह्यलात तुम्ही?"

"पुण्य नाही, सोय!"

"सोय जबरदस्तीची!"

"जबरदस्ती कसली? गावाने मतं देऊन निवडलंय मला!"

"मी दिलं होतं मत! म्हणून माझ्या आज्याच्या रांजणावर हक्क आला का तुमचा?"

अन् बसले की! पाणपोईच्या कट्ट्यावर, टोपी काढून गुडघ्यावर. मी कळशी पालथी घालून तिच्यावर टेकले. चारची गाडी आली. कंडक्टरने हाक मारली, "शेठजी, जालना!" शेठजींनी बघितलंसुद्धा नाही, नुसता हात हलवला, कारण त्यांचा मुद्दा अर्धा राहिला होता. पाचची आली, ती माझ्या मुद्द्यात गेली. बहात्तर झालं, मुतारी झाली, करोडगिरी झाली. झारीचंही झालं. मी म्हटलं, बापाशी भांडला होतात ते मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "आपण केलेलं आपण सांगायचं नसतं. तेवढंच तर दान असतं, बाई."

मी म्हटलं, "भोंग्याचं माझं चुकलं." म्हटलं एकदाचं. "पट्टीचं नाही चुकलं."

"पट्टीचं बी चुकलं," ते म्हणाले. पण हळू म्हणाले.

दिवस टेकायला आला तेव्हा ते उठले, रांजणातून पेला भरला, सावकाश प्याले. दुसरा भरला, तोही प्याले. आता सकाळपर्यंत पाणी नाही. "गार हाय," म्हणाले. शेवटची गाडी दिसायला लागली होती.

"तो ठराव मला वाचायचा हाय," खिडकीतून म्हणाले. "काय लिहिलंय, कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिलं, सगळं. दाखवा."

"दप्तर बंद आहे आत्ता. गुरुवारी या."

"गुरुवारी येतो. तीनच्या गाडीनं."

गाडी गेल्यावर लक्षात आलं, दुकानाची किल्ली द्यायची तशीच राहिली.

घरी येऊन बाकडं धुतलं. कडूबाला हाक मारून म्हटलं, सकाळी सगळ्या मेंबरांना बोलावून आण, एक ठराव पास करून घ्यायचाय. तो गेल्यावर विचार केला अन् त्याला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं. राहू दे म्हटलं. गुरुवारी ठराव सापडला नाही, तर पुढच्या गुरुवारी यावं लागेल त्यांना.